पट्टीचे हरवलेले दोन मिलिमीटर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटीमीटर, लाकूड टास्मानियातलं. मी सांगते त्यातलं किती खरं मानायचं ते तुम्हीच ठरवा. माझा स्वतःवर पूर्वीइतका भरवसा राहिलेला नाही.

माझं आयुष्य कॅनबेराच्या एका सरकारी कचेरीत, ऑब्री पास्को यांच्या टेबलावर गेलं. कर्करोगाचं नवं औषध सरकारी खर्चाने लोकांना द्यावं का, कंपनी मागते ती किंमत त्याला शोभते का, हे तपासणं त्यांचं काम. कंपन्या बहुधा चाचणीतली माणसं किती काळ जगली याचा छापील आलेख तेवढा पाठवत. त्यावर जुनं औषध घेणाऱ्यांची एक रेषा, नवं घेणाऱ्यांची दुसरी. ऑब्री त्या दोन रेषांमध्ये मला आडवी ठेवत. माझे दोन मिलिमीटर म्हणजे माणसाच्या आयुष्याचा एक महिना.

संशय घ्यायला मी त्यांच्याकडूनच शिकले. चाचणी असायची अडीच वर्षांची आणि रेषा मात्र पुढे नुसत्या अंदाजाने, ठिपक्याठिपक्यांनी दहा वर्षांपर्यंत ओढलेली. "ठिपक्यांत माणसं नसतात," असं म्हणून ते चहाला उठत आणि बिस्किटांच्या डब्याचं घट्ट झाकण माझ्याच टोकाने उचकटत. मला त्याचा अभिमान वाटे.

एका वर्षी फुफ्फुसाच्या कर्करोगाचं औषध आलं. फायली सांभाळणाऱ्या मर्लच्या नवऱ्याला, कीथला, तोच आजार होता. ती फाईल टेबलावर ठेवताना तिचा हात जरा रेंगाळे.

ऑब्रींनी मोजलं. सहा मिलिमीटर. तीन महिने. त्या किमतीला पुरेसे.

"तू आणि होकार?" शेजारच्या टेबलावरची थुई म्हणाली. "बरं नाहीये का तुला?"

"मी नाही, पट्टी म्हणतेय."

"मग पट्टीलाच ताप असेल." तिने मला उचलून टोकावरून बोट फिरवलं. "अरे, हिला शून्यच नाही. दोन मिलिमीटर तुझ्या बिस्किटांनी खाल्लेत."

तिने एक सेंटीमीटरच्या खुणेपासून मोजलं. चारच भरले. दोन महिने.

मर्ल दारात उभी होती. ऑब्री तिच्याकडे बघेनात.

"या किमतीला आता नाही म्हणावं लागेल," ते म्हणाले. "किंमत उतरवा म्हणून कळवू. वेळ जाईल."

"किती?"

"माहीत नाही."

"तुला कधी काय माहीत असतं, ऑब्री?" मर्ल जवळ आली. "पुन्हा मोज. माझ्यासमोर. कीथने विचारलं तर मला नीट सांगता आलं पाहिजे."

पुन्हाही चारच.

कंपनी सात महिने अडून बसली, मग किंमत उतरली. कीथला औषध मिळालं आणि आणखी एक उन्हाळा मिळाला. तो औषधामुळे की नशिबाने, हे मला मोजता येत नाही. आधीच्या किती फायलींत मी दोन मिलिमीटर जास्त सांगितले, तेही कुणी पाहिलेलं नाही.

आता मी थुईच्या खणात असते. मित्रांनो, ठिपक्यांवर संशय जरूर घ्या. पण आधी हातातल्या पट्टीच्या टोकावरून एकदा बोट फिरवा. आणि बिस्किटांचा डबा चमच्याने उघडा.