जावळ नसलेलं बाळ

धर्मपालचं बाळ हरवलं तेव्हा चार महिन्यांचं होतं. बारा दिवसांनी सापडलं, तेव्हा ते त्याचं नव्हेच, असं अर्ध्या जिल्ह्याचं मत पडलं.

हरवलं ते असं. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर त्याची बायको दीपा माहेरी यवतमाळला निघाली होती. दिग्रसच्या स्टँडवर गाडीला ही झुंबड. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. दीपानं खिडकीतल्या एका बाईच्या मांडीवर बाळच दिलं आणि दाराकडे धावली. ती आत शिरायच्या आधीच कंडक्टरनं घंटी मारली, गाडी निघून गेली. पोलिसांनी दारव्ह्याला गाडी अडवली, पण बाई बाळासकट आधीच्याच एका फाट्यावर उतरून गेली होती.

मग पेपरात आलं. घरात बाळाचा एकही फोटो नव्हता, म्हणून पेपरवाल्यानं कुठल्यातरी गुटगुटीत, भरघोस जावळाच्या बाळाचा फोटो छापला. लोकांच्या मनात तोच बसला. मारेगावकडच्या एका खेड्यात बाळ मिळालं, दीपानं ठाण्यातच त्याला पदराखाली घेतलं, ते चुटुचुटु प्यायलं. गोष्ट खरं तर तिथंच संपायची. पण बाळाला जावळ नव्हतं.

धर्मपालचं बाजारात पत्र्याच्या पेट्यांचं दुकान. कापसानं दगा दिलेल्या त्या वर्षांत लग्नं पुढं ढकलली जायची, पेट्या खपायच्या नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकापेक्षा गप्पा मारणारेच जास्त. त्यांचे म्होरके वामनराव, पंचायत समितीतून रिटायर झालेले कारकून.

"धर्मपाल, तू भोळा हायेस," ते म्हणायचे. "खरं पोर कोण्या शेठच्या घरी गेलं. तुले हे देऊन गप केलं."

"अन् शेठले माह्यंच पोर कायले पायजे?"

"तेच तर शोधाचं हाय."

दुसऱ्या कोणाचं म्हणणं, पोर हरवलंच नव्हतं; कापसाच्या बातम्या मागं पडाव्या म्हणून वरूनच हे उठवलं. बाभुळगावच्या एकानं तर हेच बाळ आधी जत्रेत पाहिल्याचं शपथेवर सांगितलं.

धर्मपाल हसायचा. पण हसता हसता माणूस ऐकतोच. घरी आल्यापासून बाळ त्याच्याकडे येईना, उचललं की रडायचं, दुपारी डोळ्याला डोळा लावायचं नाही. त्याची झोप मोडू नये म्हणून बापानं ठोकाठोक बंद ठेवली, तरी तेच. धर्मपाल त्याचे कान न्याहाळू लागला. एकदा तर आपले नि त्याचे तळपाय शेजारी ठेवून बघत बसला.

शेवटी पत्रा आणायला जातो असं सांगून त्यानं मारेगावची गाडी धरली. बाळ नेणारी शकुबाई जामिनावर सुटून भावाकडे राहत होती. चाळिशीची, किडकिडीत बाई, अंगणात तूर पाखडत बसलेली. त्याला ओळखून ती सूप हातातच धरून उभी राहिली.

"भांडाले नाही आलो," तो म्हणाला. "एकच सांगा. परत दिलं ते गाडीतलंच पोर हाय ना?"

शकुबाईनं सूप खाली ठेवलं. "म्हणजे तुमी बी?"

धर्मपालनं मान खाली घातली.

"पह्यल्या दिवशी निजेचना ते," ती म्हणाली. "ओव्या म्हटल्या, झोळी बांधली. मंग भाऊ विळ्याचं पातं ठोकत बसला, तर त्या आवाजानं हे गपकन झोपलं. तवापासून रोज दुपारी मीच डबा बडवत होती. शेजारी कावले. त्याईनंच पोलिसाले सांगतलं."

धर्मपालच्या तोंडून हसू फुटलं आणि मग त्याला ते आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पोराची झोळी पहिल्यापासून दुकानातच टांगलेली असायची, हातोड्याच्या दणक्यात.

"तुमी काहून नेलं त्याले?"

"पुढच्या फाट्यावर उतरून परत देईन म्हटलं होतं. मंग त्यानं माह्यं बोट धरलं."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. केस चालायची ती चालली असती. निघताना तिनं दिलेलं पाणी मात्र तो प्यायला.

घरी येऊन त्यानं दीपाला सगळं सांगितलं.

"मारेगावले जाऊन इचारलं," ती म्हणाली. "मी घरात होती. मले नाही इचारलं."

तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी बाळाला घेऊन दुकानात आली. वामनराव फोटोचं कात्रण उघडूनच बसले होते. तिनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"पाहून घ्या नीट. मी धुणं धुवून येतो."

ती तासाभरानं आली. तेव्हापासून तिनं तोच नेम केला. बाभुळगावचा शपथवाला आला, त्यालाही अर्धा तास पोर सांभाळायला लागलं. पुढं कोर्टाच्या हुकुमानं रक्ताची तपासणी झाली, रिपोर्ट आला, बाळ यांचंच. कोणाला तो पटला, कोणाला नाही. पण चौकशीला येणारे हळूहळू पांगले.

वामनराव तेवढे राहिले. रिपोर्ट लिहिणारा माणूसच असतो, हे त्यांचं म्हणणं कायम होतं. रोज चारला मात्र ते येत, पोराला खांद्यावर टाकून बाजारातून चक्कर मारीत. कोणी विचारलंच, तर म्हणत, "पोर बदललेलंच हाय. पण हळू बोल, आत्ताच डोळा लागला त्याचा."