तीन पायांचा पोळपाट

"मॅडम, हे पॉलिटेक्निक आहे, स्वयंपाकघर नाही!" उन्मेष सरांनी भर स्टाफरूममध्ये सुनावलं आणि दर्शनाच्या अंगाचा तिळपापड झाला. सर परळच्या त्या कॉलेजचे प्राचार्य, ती कंत्राटी लेक्चरर. कपाटातल्या महागड्या मॉडेल्सना हात लावायची पोरांना परवानगीच नव्हती, म्हणून ती घरचं सामान आणायची. तरफ शिकवायला अडकित्ता, वाफेचा दाब समजावायला कुकर. पोरांना चटकन कळायचं आणि सरांना लाज वाटायची.

"उद्या तपासणी समिती येतेय. भांडीकुंडी दिसली, तर पुढच्या वर्षी तुमचं कंत्राट विसरा."

लालबागच्या खोलीतली चूल त्याच कंत्राटावर पेटायची. तरी सकाळी तिने पोळपाट पिशवीत कोंबला.

"आनी चपात्यो खंय लाटू? तुझ्या डोक्यार?" आई, जाईबाई, कडाडली.

"आज भात कर गो."

लॅब जुन्या गिरणीच्या शेडमध्ये होती, शहाबादी फरशी जागोजागी खचलेली. समितीवर छाप पडावी म्हणून सरांनी केबिनमधली आपली भलीमोठी लाकडी खुर्ची तिथे आणवली होती. समितीशेजारी ते त्या खुर्चीत ऐटीत बसले आणि दर हालचालीला डुगडुगत राहिले.

पोळपाट बाहेर निघताच सर मोठ्याने खाकरले. दर्शनाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पार खचलेल्या जागी तिने पोळपाट ठेवला आणि पुढच्या बाकावरच्या अनुजाला चपाती लाटल्यासारखं दाबायला सांगितलं. पोळपाट जराही हलला नाही.

"याला तीनच पाय. मग चार पायांचं काही याहून पक्कं बसेल का?"

"हो!" अख्खा वर्ग ओरडला.

"सर, जरा उठता का? तुमची खुर्ची हवीये."

समितीसमोर नाही कसं म्हणणार? सर उठले. तिने खुर्ची त्याच जागी ओढली. एक पाय अधांतरी राहिला. तो दाबला, तर समोरचा उचलला गेला.

"मॅडम, तीन पाय कसेही टेकतात," अनुजा म्हणाली, "चौथ्याला फरशी सपाट लागते ना!"

सर जवळ येऊन दातओठ खात पुटपुटले, "कंत्राट आठवतंय ना?"

दर्शनाने आवाज मुद्दाम चढवला, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल इतका.

"आठवतंय, सर. पुढच्या वर्षीचं तुम्ही खुशाल ठरवा. आजचा तास माझा आहे, आणि तो संपेपर्यंत मला ही खुर्ची लागेल."