भिंतीकडची बाजू

काकीने बाही कोपराच्या वर सारली आणि हात प्रयोगशाळेतल्या डासांच्या पिंजऱ्यात घातला. जाळीवरच्या माद्या उठल्या, गुणगुणल्या, मनगटावर येऊन टेकल्या.

"जेवली का लेकरं?" डासांवर संशोधन करणाऱ्या मॅडमनी दारातूनच विचारलं.

"लेकरं कसली, लेकुरवाळ्या आहेत. अंडी धरायची म्हणून रक्त मागतात. नर बिचारे साखरपाण्यावर दिवस काढतात."

एरवी मॅडम हसल्या असत्या. आज त्यांच्या हातात काचेची नळी होती. विष लावलेल्या कागदापाशी काल कोंडलेले डास एव्हाना तळाशी पडायला हवे होते. ते काचेवर पाय रोवून उभे होते.

"काकांच्या वस्तीतले," मॅडम हलकेच म्हणाल्या. "तिथून आणलेल्या अळ्यांचे. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, काकी. ते फवारणीचं औषध आता त्यांच्यावर चालत नाही."

काकीने हात बाहेर काढला. "असं कसं हो?"

"वर्षानुवर्षं एकच औषध. नाजूक होते ते मेले. चिवट उरले, त्यांचीच पिलावळ वाढली."

काकीचा नवरा त्याच वस्तीचा फवारणीवाला. पाठीवर पंप घेऊन बोळाबोळातून उभा जन्म काढलेला. तान्हं बाळ असलेल्या घरासाठी तो मापापेक्षा एक झाकण जास्तीचं ओतायचा. तोंडावरची पट्टी गळ्यात सरकवायचा, कारण पट्टीतून हाक जात नाही. "माय, पाणी झाकून ठेव गं," ही त्याची हाक दारोदार जायची. जाताना हाक बाहेर गेली आणि येताना विष आत आलं.

घरी काका उशीला टेकून बसले होते. श्वास फाटक्या भात्यासारखा वाजत होता. पंप कधीच परत गेला. खांद्यांवर पट्ट्यांचे वण तेवढे उरले. डॉक्टरांनी 'घरी न्या' एवढंच सांगितलं होतं.

"आली का डासांची आई?"

"आले. औषध घेतलंत?"

"घेतलं की. जन्मभर दुसऱ्यांना पाजलं, आता माझी पाळी."

खोकल्याची उबळ सरल्यावर त्यांनी रोजचाच प्रश्न विचारला. "माझ्या वस्तीतल्या डासांचं काय झालं गं?"

छाती गेली ती कशापायी, एवढंच त्यांना जाण्याआधी कळायला हवं होतं.

काकी खिडकी लावायला वळली. पाठमोरीच म्हणाली, "मेले."

"सगळे?"

"सगळे. तळाशी, पाय वर करून."

काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "एक झाकण जास्तीचं घालायचो मी."

"ठाऊक आहे मला."

उन्हं उतरली. काकीने मच्छरदाणी सोडली आणि तिची कड गादीखाली खोचू लागली. आज जरा जास्तच घट्ट.

आतून आवाज आला, "सगळे मेले, मग ही कशाला?"

काकीचा हात थांबला. मनगटावरच्या गांधी खाजत होत्या.

"सवय हो."

"हं."

भिंतीकडच्या बाजूला तिचा हात पुरेना. ती पलंगावर गुडघा टेकणार, तोच आत हालचाल झाली. धापा टाकत काका कुशीवर वळले, भिंतीकडची कड चाचपली, आणि त्यांनीच ती हळूहळू गादीखाली खोचून घेतली.