जा लिहायचं, या म्हणायचं

लताबाईंनी औषधांच्या दुकानात विम्याचं कार्ड काउंटरवर ठेवलं आणि आवाज इतका खाली नेला, की पलीकडच्या मुलीला दोनदा कान पुढे करावा लागला. मग तिनं कार्ड यंत्रात घातलं, पडद्यावर डॉक्टरांची चिठ्ठी पाहिली, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं,

“कॅनाबिस-ब्ल्यूटेन? ती आम्ही ठेवत नाही.”

ब्ल्यूटेन म्हणजे फुलं. पण त्याच्या आधीचा शब्द साऱ्या जगाला कळतो. मागे खोकल्याचं औषध घ्यायला उभ्या असलेल्या आजोबांनी मान वर केली. लताबाईंचे कान तापले. सदुसष्टावं वर्ष, अंगावर नवऱ्यानं, हरीशनं, घेऊन दिलेला चांगला लोकरी कोट, कपाळाला बारीक टिकली, आणि भर दुकानात पुकारा कसला, तर गांजाचा. माहेरची माणसं हे पाहायला नव्हती, हे एक बरं होतं.

“मग कुठे मिळतील?” त्यांनी विचारलं.

“मानहाइमला. स्टेशनच्या मागच्या बाजूला एक आपोटेके आहे, ते ठेवतात,” मुलगी म्हणाली आणि आजोबांकडे वळली.

आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात लताबाईंना नागीण झाली होती. डाव्या बरगडीखालून निघून ती पाठीकडे सरकत गेली, तेव्हा त्यांना लहानपणी ऐकलेलं आठवलं, की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस हाती लागत नाही. ते काही जुळलं नाही. फोड वाळले, खपल्या पडल्या, नागीण गेली. पण जाताना आपली आग तेवढी मागे ठेवून गेली. सुती झंपरचा स्पर्श झाला तरी जीव कासावीस होई. गोळ्या झाल्या, चिकटपट्ट्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता फुलं देऊन पाहू. जणू राजगिऱ्याचा लाडू खाऊन बघा म्हणावं, इतक्या सहज.

खालच्या मजल्यावरच्या दाढीवाल्या शेजाऱ्यानं तर हसून सांगितलं होतं, की हल्ली चिठ्ठीसुद्धा लागत नाही, कायद्यानंच मोकळीक आहे. दुकान मात्र नाही. एकतर पिकवणाऱ्यांच्या क्लबाचं सभासद व्हायचं, नाहीतर घरी तीन झाडं लावायची. दात आहेत तर चणे नाहीत, म्हणतात ते हेच. जिची तुळस एक हिवाळा धड काढत नव्हती, तिनं म्हणे गांजा लावायचा. लताबाईंच्या बाल्कनीत एकच कुंडी उरली होती आणि तिच्यात कपड्यांचे चिमटे होते.

तेव्हा मानहाइमला जाणं आलं. ट्राम लुडविग्सहाफेन सोडून पुलावर चढली, खाली र्‍हाइन, डावीकडे दूरवर कारखान्याच्या चिमण्या. त्या चिमण्यांखाली हरीशनं सगळा जन्म काढला. मोठा केमिकल इंजिनियर. पण घरी आला की आधी लताबाईंना बाजारातली जर्मन वाक्यं शिकवायचा. बँक, डॉक्टर, घरमालक, सगळं तोच बघे. त्यामुळे लताबाईंचं जर्मन भाजी आणि हवामान यांच्यापुढे कधी गेलंच नाही. तो जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून तर तेवढंही तोंडातल्या तोंडात राहायला लागलं होतं. कित्येकदा शनिवारी ट्राममध्ये कुणाला ‘माफ करा’ म्हणताना त्यांच्या लक्षात येई, की रविवारनंतर आपला आवाज आपण आत्ताच ऐकतोय.

मानहाइमच्या आपोटेकेत हेर वेंडल, म्हणजे वेंडलसाहेब, असे साठीचे गृहस्थ होते. उंच, किंचित वाकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. त्यांनी कॅनाबिस हा शब्द एकदाही उच्चारला नाही. नुसतं ‘तुमची फुलं’ म्हणाले. आतून पांढरी डबी आणली, चुरा किती घ्यायचा, वाफेचं यंत्र कसं तापवायचं, पहिल्या दिवशी शेजारी पाण्याचा पेला का ठेवायचा, सगळं सावकाश सांगितलं. लताबाईंचं एखादं वाक्य अर्ध्यावर अडलं, तर ते थांबत. पुढचा शब्द स्वतःच पुरवून मोकळं व्हायची घाई त्यांना नव्हती.

डबी पिशवीत घालून लताबाई दारापाशी गेल्या आणि वळून, आयुष्यभराच्या सवयीनं, त्यांच्या तोंडून गेलं,

“येते हं.”

हेर वेंडलनी मान डोलावली.

“या,” ते म्हणाले.

लताबाई दारात तशाच उभ्या राहिल्या.

आता हे ‘या’ म्हणजे जर्मन होकार, हे त्यांना का ठाऊक नव्हतं? या देशात आल्या-आल्या पहिली फजिती त्याच शब्दानं केली होती. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई दार उघडून फोनवर ‘या, या’ म्हणत होत्या, आणि नव्या नवरीसारख्या सजलेल्या लताबाई चपला काढून सरळ त्यांच्या दिवाणखान्यात जाऊन बसल्या होत्या. हरीश आठवडाभर हसत होता. कागदावर तोच शब्द त्या ‘जा’ असा वाचत, तेव्हा तो म्हणे, “अगं, लिहायचं जा, म्हणायचं या. ह्या लोकांचं असंच आहे.”

सगळं ठाऊक होतं. पण आपण ‘येते’ म्हटल्यावर मागून कुणीतरी ‘या’ म्हणावं, हे हरीश गेल्यापासून झालं नव्हतं. घरातून निघताना त्या हरीशच्या फोटोला ‘येते’ म्हणत. फोटो काय बोलणार. परतताना ट्राममध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या आणि रडल्या, आणि त्यांना बरं वाटलं.

फुलांनी गुण दिला. दुखणं गेलं नाही, पण शेजारच्या खोलीत जाऊन बसल्यासारखं झालं. संध्याकाळी लताबाई देव्हाऱ्याकडे पाठ करून यंत्र लावत. शंकराला हे चाललं असतं, पण देव्हाऱ्यात होते गणपती आणि बाळकृष्ण. डबी संपत आली की मात्र त्यांना हुरूप येई. साडीला इस्त्री होई, कोटावर ब्रश फिरे. मानहाइमला जायच्या दिवशी त्या आरशासमोर दोन वाक्यं जुळवून ठेवत, हवेबद्दल एक आणि ट्रामच्या गर्दीबद्दल एक. हेर वेंडल ती नीट ऐकून घेत. मग दारात ‘येते हं’, आणि मागून सावकाश, जरा लांबवलेलं, ‘या’. महिनाभर पुरेल एवढं ते होतं. कुणाला सांगितलं असतं तर वेड लागलं म्हणाले असते, म्हणून त्यांनी ते सांगितलं नाही.

मुलगा वेदांग हॅनोव्हरला असे. जन्म इथलाच; तो आईचं मराठी ऐके आणि उत्तर जर्मनमध्ये देई. दर रविवारी न चुकता फोन. लताबाई कधी म्हणत, “मी येऊ का रे तिकडे चार दिवस?” त्यावर तो म्हणे, “या, या, माल झेएन.” म्हणजे हो हो, बघू या. त्या ‘या’मध्ये कुठलीच तारीख नसे. मुलगा वाईट नव्हता. त्याला काम होतं, बायकोला काम होतं, घर लहान होतं, आणि ‘या’ हा शब्द त्याच्या लेखी फक्त होकार होता.

नोव्हेंबरात लताबाई ट्रामच्या पायरीवरून घसरल्या. लागलं थोडंसंच, गुडघा खरचटला. पण रविवारी बोलता बोलता त्या सांगून बसल्या.

“आई, आता हे बंद,” वेदांग म्हणाला. “मी ऑनलाइन आपोटेके शोधलंय. पोस्टानं घरी येईल. तुला दाराबाहेर पाऊलसुद्धा टाकावं लागणार नाही.”

“अरे, पण ट्राम अगदी दारासमोरून आहे.”

“आई, कशाला त्रास? मला इथे काळजी लागते. पुढच्या वेळेपासून सुरू करतो, या?”

हा ‘या’ प्रश्नाचा होता. लेक काळजीनं बोलतोय, त्याला काय सांगायचं, की एक अनोळखी माणूस दारात मला हो म्हणतो, म्हणून मी नदी ओलांडते?

“बरं,” त्या म्हणाल्या.

शेवटचं म्हणून त्या मानहाइमला गेल्या. या वेळी आरशासमोर तीन वाक्यं जुळवली होती, तिसरं आभाराचं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हेर वेंडलनी डबी काउंटरवर ठेवली, चष्मा काढला आणि छातीवर सोडला.

“एक विचारू?” ते म्हणाले. “आता थंडी पडली. बागेतली कामं संपली असतील ना तुमची?”

लताबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“बाग?”

“तुम्ही दर वेळी निघताना सांगता ना. येटं.” त्यांनी दोन बोटांची चिमूट केली आणि काउंटरवरून काहीतरी मुळासकट उपटल्यासारखं दाखवलं. “तण काढायला जाते म्हणून. मी घरी आईलाही सांगितलं. म्हटलं, एक बाई आहेत, पाठीला एवढी आग, तरी इथून थेट बागेत जातात. आईचीही बाग होती पूर्वी. ती विचारते तुमच्याबद्दल.”

लताबाईंना समजायला वेळ लागला. येते. येटं. म्हणजे आपण ‘येते’ म्हणत होतो आणि हा भला माणूस त्यात जर्मन शब्द ऐकत होता, मी आता तण काढते. आणि त्यावर मान डोलावून म्हणत होता, हो, बरोबर, काढा. एवढंच होतं तर. कुणी ‘या’ म्हटलं नव्हतं. पिशवीत गांजा घेऊन तण उपटायला निघालेली म्हातारी, एवढीच आपली ओळख. आधी त्यांना हसू आलं, आणि हसू ओठांपर्यंत येता येता विरलं.

“मला बाग नाही,” त्या म्हणाल्या. “एक कुंडी, तीही बिनझाडाची. चौथा मजला.”

हेर वेंडल कानापर्यंत लाल झाले.

“माफ करा. मग तुम्ही म्हणता ते काय?”

लताबाईंनी आपलं तोडकंमोडकं जर्मन गोळा केलं.

“आमच्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ते अशुभ. निघताना म्हणायचं, येते. म्हणजे, मी परत येईन.”

“येते,” ते जपून म्हणाले. “आणि दुसऱ्यानं काय म्हणायचं?”

लताबाईंनी डबीकडे पाहिलं. सांगावं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ट्राम, खिडकी, इस्त्रीची साडी.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यानं फक्त ऐकायचं.”

डबी पिशवीत गेली. तिसरं वाक्य म्हणायचं राहूनच गेलं. त्या दारापाशी पोचल्या, मुठीवर हात ठेवला, आणि तिथेच अडल्या. ‘येते’ म्हणावं तर ते खोटं होतं. पुढच्या वेळी पोस्टमन येणार होता. ‘जाते’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. जन्मात कधी कुठल्या घरातून त्या काही न बोलता निघाल्या नव्हत्या, आणि इथून निघावं लागणार असं दिसत होतं. काचेबाहेर ट्राम येऊन उभी होती.

मागे हेर वेंडल काउंटरच्या कडेनं बाहेर आले होते. पाठमोऱ्या बाईंकडे पाहत ते थोडा वेळ थांबले, नेहमीसारखे, पुढचा शब्द न पुरवता. आज मात्र त्यांना तो पुरवावा लागला.

“येते?” त्यांनी विचारलं.

उच्चार वाकडा होता. लताबाई वळल्या.

“या,” त्या म्हणाल्या.

ती ट्राम चुकली. पुढची मिळाली, पुलावर चढली, आणि लताबाईंनी आपण होऊन वेदांगला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे तो घाबरला.

“आई? काय झालं?”

“काही नाही रे. ते पार्सल नको. मी जाईन.”

“पण का?”

खाली नदी संथ चालली होती. लताबाईंनी पिशवी मांडीवर नीट घेतली.

“बागेत काम असतं मला,” त्या म्हणाल्या. “तण फार माजतं.”

“आई,” वेदांग म्हणाला, आणि कधी नव्हे ते मराठीत, “तुझी कुठे आहे बाग?”

“मानहाइमला,” लताबाई म्हणाल्या.