खांद्याचं माप

इंटरनेटवर प्रेम जमतं का, असं मला कुणी दीड वर्षापूर्वी विचारलं असतं, तर मी हातातली कात्रीसुद्धा खाली न ठेवता म्हटलं असतं, रिकामटेकड्यांचे उद्योग! मी शिंपीण आहे. माणूस समोर उभा राहिल्याशिवाय मी साधी बाहीसुद्धा बेतत नाही.

झालं असं, की शिवणकामाच्या एका ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "पॅंटच्या खिशाला सारखं भोक पडतं. काय करावं?" सोबत खिशाचा फोटो. मी लिहिलं, "खिशात स्क्रू-ड्रायव्हर ठेवू नये." पाच मिनिटांनी उत्तर आलं, "तुम्हाला कसं कळलं?"

तो लिफ्ट दुरुस्त करणारा निघाला. लग्न राहून गेलेलं, घरी एकटाच, असं म्हणाला. मग हळूहळू फोन सुरू झाले, रोज दुपारी एक ते दोन. मी शटर अर्धं खाली ओढायचे, टेबलावर डोकं टेकायचे आणि फोन कानाशी धरायचे. तो कुठल्यातरी इमारतीत, बंद पडलेल्या लिफ्टच्या टपावर डबा खात बसलेला असायचा. त्या उंच, पोकळ जागेतून त्याचा आवाज सावकाश उतरत यायचा. डोळे मिटले की दुकानच हळूहळू वर चाललंय असं वाटायचं. मशीन, आरसा, कापडाचे तागे, मी, सगळं तरंगत. बोलणं काही फार थोर नसायचं. त्याच्या डब्यात काय, माझ्या मशीनवर काय. कधी दोघंही गप्प व्हायचो आणि मध्ये नुसता वाऱ्याचा आवाज यायचा. ते गप्प बसणंच मला सगळ्यात आवडायचं.

चेहरा दाखवायचा विषय मीच टाळला होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी फोनचा कॅमेरा वैर काढतो. पण आडपडदा कशाला ठेवू, माझं त्याच्यावर प्रेम बसलं होतं.

गेल्या आठवड्यात त्याने विचारलं, "रविवारी भेटायला येऊ का?" एरवी गिऱ्हाइकांची तोंडं बंद करणारी मी, माझीच बोबडी वळली. सुचेल ते बोलले. "आधी तुमचा शर्ट शिवते. मापं पाठवा. शर्ट झाला की सांगते."

मापं संध्याकाळी आली. गळा साडेपंधरा, छाती एकोणचाळीस, बाही चोवीस, खांदा अठरा. आकाशी कापडावर खडूने खुणा करताना तो मला पहिल्यांदा दिसला. इथे मान, इथे कोपर, इथे श्वास घेतल्यावर वर येणारी छाती. दोन दिवस मी इतकी हळूहळू शिवत होते की मशीनचा आवाजसुद्धा येत नव्हता. गिऱ्हाईक येऊन उभं राहायचं, मी भलतीकडेच.

ताई माझी थोरली बहीण. दुकानात काज-बटणं तीच करते. तिने परवा मापांची वही उघडली आणि चष्मा नाकावर ओढला.

"ही मापं कुणी घेतली गं?"

"त्यानेच."

"गळा घेतला असेल, छाती घेतली असेल. खांद्याचं माप पाठीवरून घेतात, बाई माझे. आपलं आपल्याला नीट घेता येत नाही. हा एकटा राहतो ना? मग टेप धरली कुणी?"

बावीस वर्षं मापं घेतेय, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात येऊ नये!

"बायको असणार घरात," ताई म्हणाली. "आणि तुला दुपारचा विरंगुळा केलाय." मग माझ्याकडे बघून तिचाच आवाज उतरला. "एकदा विचार तरी त्याला. असं मनात ठेवून बसू नकोस."

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी ताईसमोरच फोन लावला. जेवलात का वगैरे काही विचारलं नाही. "खांद्याचं माप कुणी घेतलं?"

तो गप्प झाला. त्याचं गप्प बसणं मला पहिल्यांदाच सोसवेना.

"सांगितलं तर रागवाल," तो म्हणाला.

"ते मी ठरवीन."

"चौथ्या मजल्यावरच्या एक आजी आहेत. त्यांच्या इमारतीतली लिफ्ट बघत होतो, तर टेप मागून घेतली. बाकीचं जमलं, खांदा काही जमेना. मग त्यांनीच मला खुर्चीत बसवलं आणि माप घेतलं."

"मग यात लपवायचं काय होतं?"

"त्यांनी विचारलं, शिवणार कोण? आणि माझ्या तोंडून निघून गेलं…" तो अडखळला. "बायको, म्हणालो. तुम्हाला न विचारता. तेव्हापासून इतकं ओशाळल्यासारखं झालंय, काय सांगू."

माझे डोळे असे भरून आले, की समोरचं आकाशी कापड हलायला लागलं. काज करणारी ताईसुद्धा सुई तशीच धरून बसली होती.

"आणखी एक निरोप आहे," तो हळूच म्हणाला. "आजी म्हणाल्या, बायकोला सांगा, उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय, तेवढं सांभाळून घे म्हणावं. आता हे तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून राहूनच गेलं."

"रविवारी सकाळीच या," मी म्हणाले. "त्या खांद्याचं मी घेते सांभाळून."