घासलेटचा चौथा वाटा

खोपोलीला डोंगराच्या पायथ्याशी वीजघर उभं राहत होतं, तेव्हाची गोष्ट. घाटावरून नळांतून पाणी खाली आणायचं, त्या पाण्यानं चक्रं फिरवायची आणि तयार झालेली वीज तारेवरून मुंबईला धाडायची, असा एकूण बेत होता. ते नळ खांद्यावर वाहणाऱ्या माणसांच्या खोल्यांत मात्र घासलेटची चिमणी जळायची, आणि तिचा खर्चही वाटून घ्यावा लागायचा.

पोशाच्या खोलीत चौघं होते. पोशा, नवशा, कमळ्या आणि जैतू. चौघंही कशेळ्याच्या वरच्या वाड्यांवरचे, सोयऱ्यांचे सोयरे. खोली म्हणजे कुडाच्या चार भिंती आणि वर गवत. भाडं दोन रुपये, माणशी आठ आणे. ते न्यायला दर महिन्याला मुकादम जातीनं यायचा, कारण खोली त्याचीच होती. तांदूळ, मीठ, मिरची, घासलेट, सगळ्याचे सरळ चार वाटे. लिहायला कुणालाच येत नव्हतं. जैतू वयानं मोठा, म्हणून तो कोळशानं भिंतीवर रेघा ओढायचा. भिंत अशी भरली होती की नव्या माणसाला वाटावं, इथं लग्न लागलंय; फक्त भिंतीवरचा लग्नाचा चौक पांढऱ्याऐवजी काळ्यानं काढलाय.

दिवाळी झाली आणि पोशाला संध्याकाळचं दिसेनासं झालं. दिवसा डोंगरावरची शेळी कुणाची ते तो खालून सांगायचा. दिवस बुडाला की डोक्यात कुणीतरी पोतं घातल्यासारखं. काम सुटल्याचा भोंगा व्हायचा अंधार पडताना, आणि खोलीकडची वाट खड्ड्यांमधून. नवशा त्याचा डावा हात धरून आणायचा. दोघं असे चालायचे की बघणाऱ्याला वाटावं, पिऊन आलेत. मुकादमालाही तेच वाटायचं. पिण्याला त्याची हरकत नव्हती.

डोळ्यांना असती. काम संपत आलं होतं. होळीला शेकडो माणसं घरी जाणार होती आणि एकाला रात्रीचा पहारेकरी म्हणून कायमचं ठेवायचं होतं. मुकादमानं पोशाचं नाव घेतलं होतं. रोज आठ आणे, वर राहायला पत्र्याची वेगळी खोली. पोशाच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. त्यातला एक पावसाळा सोडला तर बायको, ठकी, वाडीवर आणि हा मिळेल त्या कामावर. पत्र्याच्या खोलीत ठकी येणार होती. तिथं कशाचेही चार वाटे करायचे नव्हते.

"रातचा पहारा," कमळ्या म्हणायचा, "आनि तुला रातचं दिसत नाय. चोराला काय सांगशील, बाबा, दिवसाउजेडी ये?"

"होळीपतुर दिसाया लागंल," पोशा म्हणायचा.

रातचं दिसू लागण्याचा उपाय वाडीवरच्या भगतानं सांगितला होता. बकऱ्याची कलेजी, भाजून, सात आठवडी बाजार. कसाई आण्याला एक तुकडा द्यायचा. पोशाकडं आणा नव्हता असं नाही. कंबरेला साडेचार रुपये बांधलेले होते. पण ते ठकीच्या भांड्यांचे होते, आणि भांड्यांच्या पैशातून डोळे घेणं त्याला पटेना. म्हणून त्यानं एका जेवणाला मागणी केली की कलेजी खोलीच्या खर्चात धरावी.

"खानार तू, आनि रेघ आमच्या नावावर?" कमळ्याचा घास हातातच राहिला.

"मला दिसाया लागलं तर खोलीचाच फायदा नाय का?"

"कसला रं फायदा? आता निदान माझ्या ताटातला बोंबील तुला दिसत नाय."

जैतूनं दोन घास विचार केला. "मीठ सगळ्यांचं. डोळे ज्याचे त्याचे," तो म्हणाला. "डोळे काय खोलीच्या खर्चात धरता येनार नाय."

तिसऱ्या दिवशी पोशा म्हणाला, "डोळे ज्याचे त्याचे, तर मंग उजेड बी ज्याचा त्याचा. माझा घासलेटचा आणा काढा."

तिथंच खोलीतला चार वाट्यांचा हिशेब मोडला. कमळ्याला आठवलं की आपण मिरची कमी खातो. नवशा दाराशी झोपायचा. त्याचं अर्धं अंग छपराबाहेर असायचं, म्हणून त्यानं अर्ध्या अंगाचं भाडं कापून मागितलं. जैतू म्हणाला, मी हिशेब ठेवतो तर कोळशाचं काय? आठवड्याभरात एका चुलीच्या चार चुली झाल्या आणि खोलीत इतका धूर कोंडला की रात्री पोशाइतकंच सगळ्यांना दिसू लागलं.

घासलेट न देणाऱ्यावर उजेड पडू नये म्हणून कमळ्यानं पोशाच्या कोपऱ्यापुढं गोणपाट टांगलं. ते टांगलंय हे पोशाला कळलं ते त्यात तोंड गुरफटल्यावर.

"हे काय रं?"

"फुकटचा उजेड बंद केला तुझा."

"बरं झालं. आता तर मी मुळीच देनार नाय."

एवढं होऊनही नवशा रोज भोंग्याला त्याचा हात धरायचाच. भांडण खोलीतलं होतं, वाटेवरचं नव्हतं.

महिना भरला आणि दिवेलागणीला मुकादम भाडं न्यायला आला. हातात कंदील. चार चुली आणि मधोमध गोणपाट बघून तो दारातच थांबला.

"काय रे, वेगळे निघालात की काय?"

"नाय, नाय, मुकादम," जैतू घाईनं उठला. "हे घ्या दोन रुपये. मोजून घ्या."

"थांबा मुकादम," गोणपाटामागून पोशा बोलला. "खोली तुमची हाय, तर न्याय बी तुमीच करा. मला रातचं काडीचं दिसत नाय, आनि हे माझ्याकडनं चिमनीच्या घासलेटचा आणा घेतात."

तिघं एकदम बोलू लागले.

"दिसतं त्याला!" कमळ्या ओरडला. "माझ्यापरीस चांगलं दिसतं. खोटारडा हाय, मुकादम, आणा वाचवायला सोंग करतोय."

"सोंग? मी?"

"सोडला तुझा आणा," जैतू म्हणाला. "जलमभराचा सोडला. नीज आता."

"सोडला कशाला? हक्काचा हाय माझा!" पोशा गोणपाट फाडतच बाहेर आला आणि कमळ्याची चूल लाथाडून उभा राहिला. महिनाभर तो ह्या एका गोष्टीसाठी भांडत होता, आणि आता हे लोक तोंडावर खोटं बोलत होते. डोक्यात दुसरं काही मावत नव्हतं. पहारा नाही, पत्रा नाही, ठकीही नाही.

मुकादमानं कंदील मागं धरला आणि दुसरा हात पुढं केला. "किती बोटं?"

नवशानं पोशाच्या पाठीत हळूच तीन बोटं टेकवली.

"पाठीत तीन बोटं काय टोचतोस रं नवशा?" पोशा भडकला. "मुकादम, तीन बोटं ह्याची हायत. तुमची किती ते मला ठावं नाय. तुमचा हात बी दिसत नाय!"

मुकादमानं हात खाली घेतला. "बरोबर आहे," तो शांतपणे म्हणाला. "ज्याला दिसत नाही त्यानं घासलेटचे पैसे का द्यावेत? ह्याचा आणा ह्याला परत करा."

पोशानं विजयानं मान हलवली. ज्या दिशेला तिघं असावेत असं वाटलं त्या दिशेला. तिकडं भिंत होती.

"आणि पोशा," मुकादम दारातून म्हणाला, "उद्या दुपारी तुझा हिशेब घेऊन जा."

"कसला हिशेब?" पोशानं विचारलं. मुकादम गेला होता.

दुसऱ्या दिवशी पोशाची मजुरी चुकती झाली आणि काम सुटलं. पहारा नवशाला मिळाला. नवशानं ते खाली बघून सांगितलं, आणि दिवस होता, त्यामुळं तो खाली बघतोय हे पोशाला स्वच्छ दिसलं. जैतूनं भिंतीवरची पोशाच्या नावाची रेघ ओल्या फडक्यानं पुसली आणि एक आणा त्याच्या हातावर ठेवला. मोजायचं काही नव्हतं, तरी दोघांनीही तो नीट बघून घेतला.

बाजाराचा दिवस होता. पोशानं त्या आण्याची कलेजी घेतली आणि पळसाच्या पानात बांधून कर्जतच्या वाटेला लागला. पुढं कशेळं, त्याच्या वर वाडी. निघायला उशीर झाला होता. केळवलीच्या पुढं दिवस बुडाला आणि वाट गेली.

मागून येणारा गाडीवाला ओरडला, "मागं बघ रं! वीजघराचं दिवं लावून बघतायत. काय उजेड पडलाय!"

पोशानं वळून बघितलं. बघायला काय जातंय. गाडी पुढं निघून गेली. खोपोलीत आत्ता भोंगा झाला असेल, नवशा पहाऱ्याला उभा राहिला असेल. पोशानं पानातली पुडी उजव्या हातात घट्ट धरली, आणि चालायला लागण्याआधी सवयीनं डावा हात बाजूला धरून थोडा वेळ थांबला.