मागे फिरायची वेळ

“मला वर जायचंय. जिथे तो सापडला तिथे. तू नेशील का, तेवढं सांग.”

लंबूच्या हातातली ट्यूब पाण्याच्या घमेल्यातच राहिली. सायकल दुरुस्तीच्या त्या अरुंद दुकानाच्या पायरीवर काकू उभ्या होत्या. दोन वर्षं रस्त्यात लंबू दिसला की त्या तोंड फिरवत. त्यांचा मुलगा आणि लंबू शाळेपासूनचे जिवलग. ‘लंबू’ हे नावही त्यानंच ठेवलेलं. डोंगरावर दोघं गेले होते. परत एकटा लंबू आला.

“चढ फार उभा आहे, काकू. जंगल दाट. तुमचे गुडघे...”

“गुडघ्यांचं मी बघते. तू बाकीचं बघ.”

काकू हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायच्या. दिवसभर उभं राहायची सवय होती, चढायची नव्हती. लंबूनं सांगितलं म्हणून त्या लिफ्ट सोडून जिन्यानं जाऊ लागल्या. बरोबरच्या बायका म्हणायच्या, “या वयात शर्यतीत धावणार आहेस की काय गं?” काकू ते हसण्यावारी न्यायच्या आणि वरच्या मजल्यावर कठड्याला धरून दम खायच्या.

सुट्टीच्या दिवशी लंबू घरी यायचा आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसून एकेक गोष्ट समजावायचा. बूट कोरे नकोत, आधी घरात वापरून मऊ करायचे. पाणी लागेल त्याहून जास्त घ्यायचं. शिट्टी गळ्यात. टॉर्चही हवा, उजेडातच परतायचं असलं तरी. आभाळ भरलेलं दिसलं तर निघायचंच नाही. काकू ऐकायच्या. प्रत्येक वस्तूपाशी त्यांच्या मनात यायचं, हे माझ्या पोराजवळ होतं का? विचारायला जीभ रेटायची नाही.

“आणि एक वाजता जिथे असू तिथून मागे,” एकदा लंबू खाली बघत म्हणाला. “माथा दिसत असला तरी. उतरायलाही वेळ लागतो, आणि तिथे झाडांखाली अंधार लवकर पडतो.”

आतल्या खोलीतून काकूंचे मिस्टर दारात येऊन उभे राहिले. या बेताबद्दल ते तोवर चकार शब्द बोलले नव्हते.

“आणि नाही आलात तर मी फोन कोणाला करायचा?”

मुलगा परतला नाही त्या रात्री फोनपाशी तेच बसले होते, आणि कोणाला फोन करायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. लंबूनं डोंगराखालच्या चौकीचा नंबर सांगितला. त्यांनी तो कॅलेंडरवर लिहिला, वाचून दाखवला, खात्री करायला पुन्हा एकदा वाचला, आणि आत निघून गेले.

मग काकूंनी विचारलं, “एक वाजता तू फिरलास. तो का नाही फिरला?”

“‘थोडंच राहिलंय, तू हो पुढे, मी आलोच,’ म्हणाला. मी हाताला धरून ओढलं त्याला. हात सोडवून गेला.”

“आणि तू खाली आलास.”

“हो. आलो.”

काळोखात उतरताना मुलाचा पाय घसरला होता, एका काळ्या कड्याखाली तो दुसऱ्या दिवशी सापडला, हे सगळं काकूंना माहीत होतं. यात लंबूचं चुकलं नव्हतं, हेही कळत होतं. तरी हा नियमानं वागला आणि जगला, याचाच त्यांना राग होता. तो राग गिळता येत नव्हता नि थुंकताही येत नव्हता.

निघाले त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. उजाडताना त्यांनी जंगलात पाऊल ठेवलं. वाट लगेचच अंगावर आली. ओल्या पाल्यावरून बूट सरकत होते, मुळांना धरधरून काकू अंग वर ओढत होत्या. लंबू दहा पावलं पुढे जायचा, थांबायचा, मागे न बघता त्यांच्या श्वासाचा अंदाज घ्यायचा. उन्हं वर आली तसा काकूंचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला. त्या डाव्या पायावर भार देत चढत राहिल्या.

झाडी जरा विरळ झाली आणि घळीच्या पलीकडे काळा कडा दिसला.

“तोच,” लंबू म्हणाला.

हाक मारली तर ऐकू जाईल इतका तो जवळ होता. काकू बघत राहिल्या. शेजारी लंबूनं घड्याळात पाहिलं आणि बाही हळूच खाली ओढून घेतली.

“किती वाजले?”

“एक वाजून गेला.”

“तिथवर जायला किती लागेल?”

“घळीला वळसा आहे. तुमच्या चालीनं तासभर.” कड्याकडे बघत तो म्हणाला, “थोडंच राहिलंय.”

बोलून गेला आणि त्याचाच शब्द त्याला टोचला. मग म्हणाला, “तुम्ही म्हणाल तसं करू, काकू. पण या वेळी मी एकटा खाली जाणार नाही.”

काकूंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. पोराच्या कानांशी केस पांढरे झाले होते. त्या ‘चल’ म्हणाल्या असत्या तर तो काळोखातही त्यांच्याबरोबर चालत गेला असता. याची आईही आज घरी दाराकडे डोळे लावून बसली असेल.

पुन्हा इथवर येणं होणार नाही, हे गुडघा सांगत होता.

“फिर मागे,” त्या म्हणाल्या.

“टॉर्च आहे आपल्याकडे, काकू. अर्ध्या वाटेपर्यंत तरी...”

“फिर म्हटलं ना, बाळा.”

तो पिशव्या उचलायला वाकला, तेवढ्यात काकू कड्याकडे वळल्या. “येते रे,” एवढंच म्हणाल्या, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तशा आवाजात.

उतार सरळ खाली तुटत होता. लंबू आधी उतरला, वळला आणि त्यानं खांदा पुढे केला. काकूंनी त्यावर हात ठेवला, अंगाचा सगळा भार टाकला आणि दुखरा पाय खाली सोडला.